तिसरं दरपत्रक

अध्यक्ष आनंदराव शेडगे यांनी बोट जिभेला लावलं, माझ्या अहवालाची पंधरा पानं एका झटक्यात उलटली आणि थेट सोळावं पान उघडलं. त्या पानावर दरांचा तुलनात्मक तक्ता होता.

“हां, हे बरं हाय,” ते म्हणाले. “बाकीचं इंग्रजी आपल्याला काय झेपायचं न्हाई.”

तीन आठवडे खपून मी तो अहवाल लिहिला होता. त्याला शेडग्यांची थुंकी लागली, बाकी कुणाची नजरसुद्धा लागली नाही. सभेला नऊ सभासद हजर होते. एकाला डुलकी लागली होती, दोघं कुणाच्या तरी साखरपुड्याविषयी कुजबुजत होते आणि उरलेले बशीतल्या खाऱ्या शेंगदाण्यांवर डोळा ठेवून होते. मी मनात म्हटलं, निरंजन दांडेकर, बघून घे. पुण्यात तीनशे माणसांच्या कंपनीत काम केलंस आणि आता ह्या अडाण्यांना क्लाऊड समजावत बसला आहेस.

ती कंपनी बंद पडली म्हणून मी इथे आलो होतो, पण हे मी कुणाला सांगत नसे. सेवा म्हणून एक वर्ष खेड्यात काढतोय, असं सांगे. त्यांना ते खरं वाटे, आणि ते खरं वाटतं म्हणूनही मला त्यांची कीव येई.

वाघजाई खोऱ्यात आमच्या आरोग्य मंडळाचे चौदा दवाखाने होते आणि दोन अँब्युलन्स. साप चावल्यावर द्यायचं औषध ह्या चौदा दवाखान्यांत वाटून ठेवलेलं असे, कारण सगळीकडे पुरेल एवढं ते कधीच मिळत नसे. मोरवण्याला सकाळी वीस बाटल्या असल्या तर संध्याकाळी एकही नाही. हेळगावला काल दहा, तर आज तीस. भातकापणीच्या दिवसांत हे आकडे दिवसातून तीनतीनदा बदलत. घोणस चावली की औषध लवकरात लवकर अंगात जावं लागतं, उशीर झाला तर माणूस वाचला तरी काहीतरी गमावून वाचतो. डोंगरातले रस्ते असे, की एकदा चुकीच्या दवाखान्याकडे गाडी घातली तर परत फिरून दुसरीकडे पोचायला दीडदोन तास सहज मोडावेत. म्हणून औषध ह्या घटकेला कुठे आहे, हे ड्रायव्हरला माहीत असणं गरजेचं होतं.

आणि हा हिशेब मंडळ कशावर ठेवत होतं? बांगड्यांवर.

औषधभांडारात भिंतीला एक फळी होती. फळीवर चौदा खिळे, खिळ्यांखाली चुन्यानं लिहिलेली चौदा गावांची नावं आणि खिळ्यांना अडकवलेल्या लाल प्लास्टिकच्या बांगड्या. एक बांगडी म्हणजे दहा बाटल्या, म्हणजे एका माणसाचा पहिला डोस. भांडार सांभाळणाऱ्या कलावती सुतार रोज सकाळी आठ वाजता आणि दुपारी चार वाजता चौदा ठिकाणी फोन लावत. मधेच एखाद्या नर्सचा फोन आला की हातातला घास टाकून उठत, खिळ्यावरची बांगडी काढत आणि कनवटीला पैसे खोचावेत तशी आपल्या मनगटात अडकवत. दिवसअखेर त्यांच्या हातात किती लाल बांगड्या, त्यावरून खोऱ्यात किती जणांना साप चावला ते कळे.

मी त्या फळीचा फोटो काढून पुण्याच्या मित्रांना पाठवला होता. त्यांनी हसून लोळणारे चेहरे पाठवले.

“आणि काकणं कमी पडली तर काय करता, सुतारबाई?” मी एकदा गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं.

“पडत्यात की, साहेब,” त्या म्हणाल्या. “तवा लई वंगाळ वाटतं.”

माझी थट्टा त्यांच्या डोक्यावरून गेली म्हणून मी दिवसभर खूश होतो.

तर ही फळी काढून टाकायची, असं मंडळानं माझ्याच आग्रहावरून ठरवलं होतं. प्रत्येक दवाखान्यातल्या नर्सनं मोबाइलवर आकडा टाकायचा, तो आकडा क्लाऊडवर जायचा, म्हणजे लांबच्या एखाद्या बड्या कंपनीच्या मशीनवर आपण भाड्यानं घेतलेल्या जागेत, आणि तिथून तो आमच्या ऑफिसात पडद्यावर दिसायचा. प्रश्न एवढाच उरला होता, की जागा कोणती घ्यायची.

मंडळाचा एक रिवाज होता. तीन दरपत्रकांशिवाय कुठलाही विषय सभेपुढे येत नसे आणि सगळ्यांत कमी दराचं दरपत्रक चर्चेशिवाय मंजूर होई. शेडगे निवृत्त तलाठी, त्यांना हा रिवाज देवपूजेसारखा. त्यांच्या आधीच्या अध्यक्षांनी जरा महाग फ्रीज घेतला, तर त्यावर वर्षभर चौकशी चालली होती म्हणे. तेव्हापासून इथे कुणी महाग टाचणीसुद्धा घेत नसे. आता कामाची म्हणावी अशी दरपत्रकं माझ्याकडे दोनच होती. अशा वेळी तिसरं काहीतरी घालून संख्या भरायची, हाही मंडळाचा रिवाजच. फक्त भरतीचं दरपत्रक महागातलं घालायचं असतं, म्हणजे ते आपोआप गळतं. मी कंटाळलो होतो. हाताला लागलं ते घातलं, आणि नेमकं ते स्वस्तातलं होतं.

“तिसरं,” शेडगे म्हणाले आणि तक्त्यावर बोट आपटलं. “पयल्याच्या पाव दरात बसतंय. मंजूर.”

“थांबा,” मी म्हणालो. “ते तिसरं जे आहे...”

“इंजिनिअरसाहेब,” शेडगे हसत हसत म्हणाले, “तुम्हाला पुण्यात महागाची सवय लागलीया. आमचं हितं स्वस्तातलंच चालतं. माणूस बी आमाला स्वस्तातलंच गावतं, काय?”

सगळी सभा हसली. झोपलेला सभासद जागा होऊन हसला. माझा पगार त्या सगळ्यांना माहीत होता.

मी उघडलेलं तोंड मिटलं. मिटताना मला इतकं बरं वाटलं, की ते अजून आठवतं. घ्या मग, म्हटलं. तुमच्या रिवाजानं घ्या, तुमच्या तक्त्यानं घ्या आणि महिन्याभरात तोंडघशी पडा. मग याल हात जोडत.

साठ्याची नोंदवही घेऊन सुतारबाई दारात उभ्या होत्या. त्यांना सभेत बोलायचा अधिकार नव्हता, पण त्या बोलल्या.

“एक इचारू का? हे तिसरं येवढं सवस्त कशापायी हाय?”

नऊ सभासदांच्या डोक्यात जो प्रश्न आला नव्हता, तो ह्या मॅट्रिक नापास बाईच्या डोक्यात आला, ह्याचं मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. आताच माझा पाणउतारा झाला होता आणि आता ही बांगड्या मोजणारी बाई माझी उलटतपासणी घेत होती.

“ते तांत्रिक आहे, सुतारबाई,” मी म्हणालो. “नवव्या पानावर सगळं लिहिलंय.”

“बरं,” त्या म्हणाल्या. ठराव पास झाला. सुतारबाईंनी फोनाफोनी थांबवून औषधवाटपाच्या खिडकीवर बसावं, असंही त्याच ठरावात आलं.

नवव्या पानावर सगळं लिहिलं होतं, हे खरं. ती जागा वर्षानुवर्षं न लागणाऱ्या कागदांसाठी होती. तिथे ठेवणं स्वस्त, पण ठेवलेलं परत हवं असलं तर अर्ज टाकून पाच ते बारा तास थांबावं लागे. शिवाय तिथला एखादा कागद लगेच बदलला, तरी जुन्या कागदाचं तीन महिन्यांचं भाडं चुकत नसे. आमचा कागद दिवसातून वीस वेळा बदलणार होता.

मी सगळं इमानेइतबारे जोडून दिलं. नर्स आकडे टाकत, आकडे जाऊन त्या जागेत पडत. रोज मध्यरात्री तिकडे आपोआप अर्ज जाई आणि दुपारी कधीतरी ताजा कागद पडद्यावर उतरे. म्हणजे सकाळी पडद्यावर दिसे तो आदल्या दिवशीच्या दुपारी उतरलेला कागद, आणि त्यातले आकडे त्याच्याही आदल्या रात्रीचे. ऑफिसच्या मशीनवर वेगळी ताजी प्रत ठेवता आली असती. एका दुपारचं काम होतं. मी ते केलं नाही. आकडे शिळे आहेत, एवढी एक ओळ पडद्यावर घालण्याचेही कष्ट मी घेतले नाहीत. मी बिलाची वाट बघत होतो. पहिलं बिल आलं की शेडग्यांचा चेहरा कसा होईल, ते मी रोज अंघोळ करताना मनात रंगवत असे. शिळ्या आकड्यांचं म्हणाल तर, एका दिवसात असा काय मोठा फरक पडणार, असं मला वाटे.

सतरा दिवस काही झालं नाही. शेडगे येणाऱ्याजाणाऱ्याला पडदा दाखवत. “हे बगा, चौदा गावं. हितं बसून दिसत्यात,” असं म्हणून माझ्याकडे बोट करत, “आमचे साहेब. पुण्यास्नं आलेत.” त्यांना माझा अभिमान वाटत होता, आणि मला त्यांच्या अभिमानाचं हसू येत होतं.

अठराव्या दिवशी सकाळी दहाला सर्जेरावचा फोन आला. सर्जेराव घाडगे अँब्युलन्स चालवायचा.

“साहेब, उंबरवाडीत बाईला चावलंय. भाताच्या पेंढ्या उचलताना. घोणसच हाय, मारून आणलीया. फाट्यावर हाय मी. मोरवणं का हेळगाव?”

उंबरवाडीच्या फाट्यावरून डावीकडे मोरवणं, उजवीकडे हेळगाव. दोन्हीकडे पाऊण तासाचा घाट. मी पडद्याकडे बघितलं. मोरवणे, वीस. हेळगाव, दहा.

“मोरवणं,” मी म्हणालो. “वीस बाटल्या आहेत.”

सुतारबाई खिडकीवरून उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“मोरवण्याला फोन लावून बगू का, साहेब? काल दिसभर तिकडं गाडीच्या दोन खेपा झाल्यात.”

“पडद्यावर दिसतंय ना, बाई? वीस.” मी पडद्यावर नख वाजवलं. “वाचता येतं ना?”

त्या आत गेल्या. फळी अजून भिंतीवरच होती, काढायला मिस्त्री यायचा होता. आतून त्या नंबर फिरवत असल्याचा आवाज येत होता. मोरवण्याला रेंज धड नसे. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, लाव, फोन लाव, सवय जाते कुठे.

पंचवीस मिनिटांनी त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“मोरवण्यात एक बी बाटली न्हाई. काल दोघांना दिली. नर्स म्हणती, मी काल साडेपाचलाच शून्य टाकलंय.”

नर्सनं टाकलंच होतं. तिचं शून्य अगदी वेळेवर जाऊन पडलं होतं, फक्त ते बाहेर यायला दुपार व्हायची होती. मी सर्जेरावला फोन लावला. तो घाटात होता, फोन लागेना. सात वेळा लावला. आठव्यांदा त्याचाच आला, मोरवण्याच्या दवाखान्यातून.

“साहेब,” तो म्हणाला, “हितं काय न्हाई.” मग जरा थांबून, “बाईच्या हिरड्यांतनं रगत याया लागलंय. म्या वळतो हेळगावला. तितं तरी हाय ना? का तितं बी तुमच्या पडद्यावरच हाय?”

मी फोन कानाला लावून सुतारबाईंकडे बघितलं. त्यांनी हेळगावला आधीच फोन केला होता.

“तीस,” त्या म्हणाल्या. “भरून ठिवा म्हणलंय.”

त्या बाईचं नाव भागीरथी. वय चाळीस. पहिली बाटली तिला लागली ती चावल्यापासून साडेतीन तासांनी. ती वाचली. तिची दोन्ही मूत्रपिंडं मात्र गेली. पुढची सहा वर्षं आठवड्यातून दोनदा ती डायलिसिसला जिल्ह्याच्या गावी जायची. सर्जेराव नेऊन सोडायचा आणि घेऊन यायचा. सातव्या वर्षी ते थांबलं.

चार दिवसांनी सभा भरली. बशीतले शेंगदाणे तसेच होते, कुणी हात लावत नव्हतं. चार दिवसांत मी झोपलो नव्हतो, पण तयारी मात्र पूर्ण केली होती. अहवालाची प्रत आणली होती आणि नवव्या पानावर खूण घातली होती. कुणी बोट दाखवलंच, तर मी ते पान उघडून पुढे सरकवणार होतो. लेखी दिलेलं होतं. तुम्ही वाचलं नाहीत, त्याला मी काय करू?

शेडगे उभे राहिले. ते सभेत कधी उभे राहत नसत.

“चूक माजी हाय,” ते म्हणाले. “ठरावावर सही माजी. म्या दर बगितला, दुसरं काय बगितलं न्हाई.” मग माझ्याकडे वळले. “साहेबांनी आपल्याला सांगितलं असंलच. येवढं सोळा पानं लिवलंय त्यांनी. आपल्या अडाण्यांच्या डोस्क्यात शिरलं न्हाई, त्यात त्यांचा काय दोष? तुमी मनाला लावून घिऊ नका, साहेब.”

अडाणी हा शब्द मी आठ महिने त्यांच्यासाठी मनात वापरत होतो. त्यांनी तो स्वतःहून उचलला आणि माझ्या बचावासाठी वापरला. सगळे सभासद माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरांत दया होती. पाव दरात मिळालेलं माणूस, उगाच भरडलं गेलं, अशी.

मी नववं पान उघडलं नाही. उघडायची गरजच पडली नाही. मी मान खाली घालून बसलो, आणि लोकांना वाटलं साहेबांना वाईट वाटतंय. सभेनं पहिलं, महागातलं दरपत्रक एकमतानं मंजूर केलं. शेडग्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. मी तेव्हाही काही बोललो नाही.

सभा संपल्यावर मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो. सुतारबाई आल्या. त्यांच्या हातात अहवाल होता. माझा नव्हे, मंडळाच्या कपाटातला, शेडग्यांच्या बोटाचा डाग असलेला. त्यांनी तो नववं पान उघडून माझ्यापुढे ठेवला.

“ह्यात लिवलंय म्हणला हुता,” त्या म्हणाल्या. “मला इंग्रजी येत न्हाई. वाचून सांगा.”

“आता कशाला, सुतारबाई?”

“सांगा की. त्या दिशी इचारलं हुतं, त्येच इचारते. ते तिसरं सवस्त कशापायी हुतं?”

त्या बसल्या नाहीत. मी पान समोर धरलं, पण वाचलं नाही, तसंच सांगितलं. म्हटलं, ती जागा कधीतरीच लागणाऱ्या सामानाची आहे. आत टाकायला पैसे पडत नाहीत फारसे. पण एकदा टाकलं की बाहेर काढायला अर्धा दिवस जातो. जे रोज बदलतं, ते तिथे ठेवायचं नसतं.

त्या ऐकत होत्या. मनगटात चार लाल बांगड्या होत्या. फोनाफोनी त्यांनी भागीरथीला साप चावला त्याच दिवसापासून पुन्हा सुरू केली होती, कुणाला न विचारता.

“म्हंजे माळ्यावरची ट्रंक,” त्या म्हणाल्या. “लग्नातला शालू ठिवावा तितं. मिठाचा डबा न्हाई ठिवत कुणी.”

“हो. तसंच.”

“झालं?”

“झालं.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मला सांगायला किती वेळ लागला ते त्या बघत होत्या. दोन मिनिटंही लागली नव्हती.

“येवढंच हुतं व्हय,” त्या म्हणाल्या. “हे मला त्या दिशी बी कळलं असतं.”

त्यांनी अहवाल मिटला, उचलला आणि कपाटात जिथला तिथे नेऊन ठेवला. आत फोन वाजत होता. त्या घ्यायला गेल्या, आणि जराशानं फळीवरून एक बांगडी काढल्याचा आवाज आला.